आणखी किती वर्षे शिकायचे?

विज्ञान शाखेची पदवी उत्तम गुणांनी मिळवलेली मुलगी घरी पदव्युत्तर शिक्षणाचा विषय काढते, तेव्हा व्यापारी घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो असा : "आणखी किती वर्षे?" मुलाच्या बाबतीत याच प्रश्नाला दुसरा एक जोडलेला असतो : "मग दुकानावर कोण बसणार?" प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात विद्येविषयी अनादर नसतो. पेढीवर आयुष्य गेलेल्या माणसाला काळ म्हणजे गुंतलेले भांडवल वाटते, आणि पाच-सहा वर्षे गुंतलेल्या भांडवलावर काय सुटणार, हे विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. तक्रार करावयाची तर ती एवढीच, की हा हिशोब बहुधा नावेच्या बाजूलाच संपतो. जमेची बाजू कोणी उघडून पाहत नाही.

ती बाजू पाहण्यासाठी एका व्यापाराच्या अस्तापासून आरंभ करणे सोयीचे आहे. नीळ हा हिंदुस्थानच्या निर्यातीतील एके काळचा मोठा जिन्नस. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात देशात सुमारे १६ लाख एकर जमिनीवर नीळ पिकत होती. तिकडे जर्मनीत आडोल्फ फॉन बायर या रसायनशास्त्रज्ञाने १८८० मध्ये प्रयोगशाळेत कृत्रिम नीळ तयार केली. ती बाजारात परवडेल अशा भावात बनवता येईना, म्हणून बी.ए.एस.एफ. या कंपनीने जवळजवळ सतरा वर्षे संशोधन चालू ठेवले आणि त्यापायी सुमारे १ कोटी ८० लाख मार्क खर्च केले. ही रक्कम कंपनीच्या त्या वेळच्या भागभांडवलापेक्षा अधिक होती. आजच्या कोणत्याही बँकेच्या कर्ज समितीपुढे असा प्रस्ताव ठेवला, तर तो पहिल्याच बैठकीत परत जाईल!

या संशोधनातील एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. नॅफ्थलीनपासून, म्हणजे ज्याच्या डांबरगोळ्या होतात त्या पदार्थापासून, निळीच्या निर्मितीला लागणारा एक मधला पदार्थ बनवण्याचा प्रयत्न चालू होता. परंतु अभिक्रिया फारच मंद होती. १८९६ च्या सुमारास एके दिवशी पात्रातील तापमापक फुटला, पारा मिश्रणात सांडला, आणि अभिक्रिया एकाएकी वेगाने होऊ लागली. पाऱ्याचा क्षार उत्प्रेरकाचे काम करीत होता. तापमापक कोणत्याही कारखान्यात फुटतो. सामान्य मुकादमाने पात्र धुऊन नव्याने भरले असते. तेथे उभा असलेला माणूस प्रशिक्षित रसायनशास्त्रज्ञ होता, म्हणून त्याने मिश्रण फेकून न देता त्यात काय घडले याचा शोध घेतला. १८९७ च्या जुलैमध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली.

पुढचा हिशोब आपल्या देशाच्या खात्यावर लिहिला गेला. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर निळीखालील क्षेत्र दीड लाख एकरांच्या आसपास उतरले. बिहारमधील युरोपीय मळेवाल्यांनी आपला तोटा खंडवाढीच्या रूपाने कुळांच्या माथी मारला, आणि १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले ते याच कुळांच्या गाऱ्हाण्यासाठी. सत्याग्रहाचा हा अध्याय आपण शाळेत इतिहास म्हणून शिकतो. एका जर्मन प्रयोगशाळेतील पारा त्याच्या मुळाशी होता, हे मात्र कोणी शिकवीत नाही. निळीच्या आडत्यांचे, दलालांचे, सावकारांचे काय झाले असेल, याची कल्पना व्यापारी वाचकाला वेगळी करून देण्याची गरज नाही. माल तोच, गिऱ्हाईक तेच, प्रामाणिकपणात उणीव नाही, आणि तरीही पेढी बसते. कारण दूर कोठेतरी कोणीतरी अधिक काळ शिकलेले असते.

त्यानंतर दोन-तीन दशके हिंदुस्थानातील गिरण्या परदेशी रंगांवरच चालत होत्या. कापूस आपला, मजूर आपले, भांडवलही पुष्कळसे आपले; कापडाला चढणारा रंग मात्र जर्मनीचा किंवा इंग्लंडचा. या पार्श्वभूमीवर १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. 'यू.डी.सी.टी.' या नावाने पुढे तो प्रसिद्धीस आला. आज त्याला 'रसायन तंत्रज्ञान संस्था' म्हणतात, आणि २००८ पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. आरंभीचे विषय दोनच होते : वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. विज्ञानाची पदवी घेतलेल्यालाच तेथे प्रवेश मिळे आणि पुढे दोन वर्षे तंत्रज्ञान शिकावे लागे. म्हणजे "आणखी किती वर्षे?" हा प्रश्न त्या काळच्या पालकांनीही विचारला असणारच.

माटुंग्याच्या या संस्थेत पुढे जे विभाग उघडले, त्यांची नावे वाचताना मुंबईच्या बाजारपेठांतून फेरफटका मारल्यासारखे वाटते. रंगद्रव्ये, वस्त्रे, तेले, अन्नपदार्थ, औषधे, रंगलेप, प्लास्टिकसारखी बहुवारिके. ज्या जिनसांचा व्यापार आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्यांतील बहुतेकांचे शास्त्र तेथे एका आवारात शिकवले जाते. तेलाचा व्यापारी बोटावर तेल चोळून त्याची प्रत सांगतो. ती विद्या खोटी नव्हे, आणि ती कमी लेखण्याचे कारणही नाही. पण तेल खवट का होते आणि ते कसे थांबवावे, हे सांगणारी विद्या निराळी आहे. दोन्ही विद्या एका घरात नांदल्या, तर त्या घराचा व्यापार कोठवर जाईल याचा विचार व्हावयास हवा.

संस्थेचे पहिले भारतीय संचालक कृष्णस्वामी वेंकटरामन १९३८ मध्ये त्या पदावर आले आणि १९५७ पर्यंत होते. रंगद्रव्यांच्या रसायनावरील त्यांचा बहुखंडी ग्रंथ जगभरच्या रंग कारखान्यांत संदर्भासाठी वापरला गेला. ज्या देशाची नीळ जर्मनांनी बुडवली, त्या देशातील प्राध्यापकाचे रंगरसायनावरील पुस्तक जर्मन रसायनशास्त्रज्ञ उघडून पाहू लागले, ही साठ वर्षांच्या आतली गोष्ट. वेंकटरामन पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. तेथे त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवलेल्यांत माटुंग्याहून आलेले ए. व्ही. रामाराव होते. रामाराव यांनी पुढे हैदराबादच्या प्रयोगशाळेत एड्‌सवरील 'ए.झेड.टी.' या औषधाची स्वस्त निर्मितीपद्धत तयार केली आणि ते औषध 'सिप्ला'ने बाजारात आणले. २००१ मध्ये याच कंपनीने तीन औषधांचा एकत्रित उपचार, ज्याला पाश्चात्त्य कंपन्या वर्षाकाठी दहा हजार डॉलरांहून अधिक घेत, तो एका सेवाभावी वैद्यकीय संघटनेला वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केला. आफ्रिकेतील लक्षावधी रुग्णांना औषध परवडू लागले, त्याचा आरंभ तेथे झाला. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूऐवजी केवळ निर्मितीपद्धतीलाच संरक्षण दिले होते, हे त्यामागचे एक कारण. परंतु कायद्याने केवळ दार उघडले. दुसरी निर्मितीपद्धत शोधून काढणारी डॉक्टरेटधारक माणसे देशात नसती, तर त्या दारातून आत जाणारे कोणी नव्हते.

माटुंग्याच्या परंपरेतील दुसरे मोठे नाव मनमोहन शर्मा यांचे. जोधपूरला जन्मलेल्या शर्मांनी पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण येथेच घेतले, केंब्रिजला डॉक्टरेट केली आणि १९६४ मध्ये वयाच्या २७ व्या वर्षी ते आपल्याच संस्थेत प्राध्यापक म्हणून परतले. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्वही त्यांना मिळाले. त्यांच्या प्रयोगशाळेतील प्रश्न बरेचदा कारखान्यांकडून येत, आणि विद्यार्थी कारखान्यांत जात. केकी घरडा यांनी अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन येथे अध्यापन केले आणि १९६० च्या दशकात वांद्र्याच्या लहानशा जागेत रंगद्रव्य बनवून आपला उद्योग सुरू केला. पुढे कीटकनाशके व तणनाशके यांच्या देशी निर्मितीत त्यांचे नाव अग्रभागी राहिले. 'डॉ. रेड्डीज'चे संस्थापक अंजी रेड्डी हेही माटुंग्याचे विद्यार्थी, आणि त्यांची डॉक्टरेट पुण्याच्या प्रयोगशाळेची. यांतील कोणालाही शिक्षणामुळे व्यापाराला मुकावे लागले नाही. व्यापाराचे रूप मात्र पालटले : दुसऱ्याचा माल विकण्याऐवजी ते स्वतःचा माल बनवू लागले, आणि बनवणाऱ्याच्या हाती राहणारी मिळकत विकणाऱ्याच्या दलालीहून किती अधिक असते, हे वडगादीतील रसायनांच्या कोणत्याही जुन्या पेढीवर विचारावे.

हळदीचा प्रसंग तर सांगलीच्या बाजाराशी जोडलेल्या घरांनी विसरू नये असा आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. त्यामुळे त्या देशात या उपयोगासाठी हळदपूड विकण्याचा अधिकार एका संस्थेच्या हाती गेला. आजीबाईंच्या बटव्यातील हळद, आणि तिच्यावर पेटंट! येथे अनेकांनी संताप व्यक्त केला; पण संतापाने पेटंट रद्द होत नसते. त्या वेळी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते रघुनाथ माशेलकर, तेही माटुंग्याचेच पदवीधर आणि मनमोहन शर्मा यांचे डॉक्टरेटचे विद्यार्थी. परिषदेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध चाळून ३२ संदर्भ जमवले. त्यांतील काही शंभर वर्षांहून जुने होते. ते अमेरिकेच्या पेटंट कार्यालयापुढे मांडले गेले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंटातील सर्व दावे रद्द झाले. आजीला हळदीचा गुण ठाऊक होता. कार्यालयाला तो पटवून देण्यास मात्र पेटंटाची भाषा जाणणारा शास्त्रज्ञ लागला.

आपल्या समाजाला ही वाट अनोळखी आहे असेही नाही. अहमदाबादचे शेठ कस्तुरभाई लालभाई यांना वडिलांच्या निधनामुळे १९१२ मध्ये महाविद्यालय सोडून गिरणीत बसावे लागले. स्वतःचे शिक्षण अर्धे राहिलेल्या या गृहस्थाने १९४७ मध्ये रंग आणि रसायने बनवण्यासाठी वलसाडजवळ 'अतुल'ची स्थापना केली. त्याच वर्षी, केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन परतलेल्या विक्रम साराभाई यांच्या समवेत, अहमदाबादच्या गिरण्यांसाठी 'अटिरा' ही वस्त्रोद्योग संशोधन संस्था उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. विक्रमभाईही गिरणीमालकाचेच चिरंजीव. सूत आणि माग यांचा विचार करणाऱ्या या संस्थेचे पहिले संचालक विश्वकिरणांचे अभ्यासक होते, याचे त्या काळी अनेकांना आश्चर्य वाटले असेल. वस्तुतः डॉक्टरेटच्या शिक्षणातून मिळते ती अज्ञात प्रश्नाला भिडण्याची सवय. प्रश्न आकाशातल्या किरणांचा आहे की सुताच्या ताकदीचा, हे पुढचे.

उदयपूरचे दौलतसिंह कोठारी यांनी मेवाडच्या महाराणांच्या शिष्यवृत्तीवर अलाहाबादला मेघनाद साहांच्या हाताखाली शिक्षण घेतले आणि पुढे केंब्रिजला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत संशोधन केले. स्वतंत्र भारताचे ते संरक्षणविषयक पहिले वैज्ञानिक सल्लागार, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, आणि १९६४ ते १९६६ या काळातील शिक्षण आयोगाचेही अध्यक्ष. त्या आयोगाच्या अहवालाचे नावच 'शिक्षण आणि राष्ट्रीय विकास' असे होते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी, हे त्याचे उद्दिष्ट अद्याप गाठले गेलेले नाही. संशोधनाची स्थिती त्याहून रोडावलेली आहे. २०२०-२१ मध्ये भारताचा संशोधनावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. चीनमध्ये हे प्रमाण दोन टक्क्यांहून बरेच अधिक आणि दक्षिण कोरियात पाच टक्क्यांच्या जवळपास आहे. याचा सगळा दोष सरकारवर ढकलणे सोपे असले तरी न्याय्य नाही. त्या देशांत संशोधनाचा मोठा भार खासगी उद्योग उचलतात. आपल्याकडे तो भार मुख्यतः सरकारी तिजोरीवर आहे.

मुलींच्या बाबतीत "आणखी किती वर्षे?" याचा खरा अर्थ 'लग्न केव्हा?' असा असतो, हे मोकळेपणाने मान्य करावे. मुंबईच्या कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, यांनी १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, तेव्हा तेथील संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ त्या स्त्री आहेत म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत. एक वर्ष परीक्षेवर ठेवण्याच्या अटीवर आत गेल्या आणि त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या, विवाहानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत अध्यापन केले, कडधान्ये आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले आणि अखेर त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. नोबेल पारितोषिक मिळवलेल्या माणसाचाही अंदाज चुकू शकतो, तर घरातील काकांचा चुकण्यात नवल ते काय?

आता वर्षांचा आणि पैशाचा हिशोब. एम.टेक. दोन वर्षांचे असते आणि डॉक्टरेटला त्यापुढे साधारण चार ते पाच वर्षे लागतात. शैक्षणिक कर्जाची भीती पुष्कळ घरांत असते. परंतु देशातील चांगल्या संस्थेत संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला बहुधा कर्ज काढावेच लागत नाही, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. 'गेट' परीक्षा उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त एम.टेक.ला प्रवेश घेतलेल्यास दरमहा १२,४०० रुपये मिळतात. राष्ट्रीय परीक्षेद्वारे निवडलेल्या कनिष्ठ संशोधन अधिछात्राला जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठाला ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती ७०,००० रुपयांपासून सुरू होते. दुकानाच्या उत्पन्नाच्या तुलनेत हे आकडे लहान वाटतील, पण वडिलांच्या खिशातून मात्र काही जात नाही. परदेशी किंवा खासगी अभ्यासक्रमासाठी कर्ज घेतलेच, तर साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला हमी योजनेमुळे तारण लागत नाही, आणि जुन्या करप्रणालीत त्याच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते.

एक सावधगिरी येथे सांगितली पाहिजे. नावापुढे अक्षरे लावण्यापुरती पदवी देणाऱ्या संस्था देशात कमी नाहीत, आणि तेथे घालवलेली वर्षे खरोखरच बुडीत खाती जमा होतात. कर्ज देण्यापूर्वी बँक ज्याप्रमाणे कर्जदाराचे मागील ताळेबंद पाहते, त्याप्रमाणे प्रवेश घेण्यापूर्वी मार्गदर्शक प्राध्यापकाचे गेल्या पाच वर्षांतील काम, प्रयोगशाळेतील उपकरणांची स्थिती आणि त्याचे पूर्वीचे विद्यार्थी आज कोठे आहेत, हे पाहावे. संस्थेच्या इमारतीची भव्यता पाहू नये. संशोधनात अपयशही येते. कोणाचा विषय फसतो, कोणी अर्ध्यावर सोडतो. व्यापारातही पहिली तीन वर्षे सगळ्यांचीच बरी जातात असे नव्हे.

अंतराची अडचणही आता पूर्वीइतकी उरलेली नाही. माटुंग्याच्या संस्थेने २०१८ मध्ये जालन्यात मराठवाडा परिसर सुरू केला. बियाणे, पोलाद आणि भुसार यांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावातील घरांना रासायनिक तंत्रज्ञानातील उच्च शिक्षण दारी आले आहे. समाजाच्या न्यासांना या संदर्भात एक काम सहज करता येईल. आपल्या वसतिगृहांचे नियम जेथे पदवीच्या तरुण विद्यार्थ्यांना समोर ठेवून बांधलेले असतील, तेथे चार-दोन खोल्या संशोधन करणाऱ्या पंचविशीतील मुलामुलींसाठी राखाव्यात. अधिछात्रवृत्ती हाती पडेपर्यंतच्या काळासाठी परतफेडीच्या बोलीवर छोटी रक्कम द्यावी. कंपनी कायद्यानुसार सामाजिक दायित्वाचा निधी सरकारी विद्यापीठांतील विज्ञान-तंत्रज्ञानाच्या संशोधनालाही देता येतो. आपल्या कारखानदारांच्या संचालक मंडळांनी त्या तरतुदीचा विचार करावा.

अशा रकमा फार मोठ्या असाव्या लागत नाहीत. गोव्यातील माशेल गावचे रघुनाथ माशेलकर लहानपणीच पितृछत्र हरपल्यावर आईसह मुंबईला गिरगावात आले आणि पालिकेच्या शाळेत शिकले. १९६० मध्ये शालान्त परीक्षेत ते राज्यात अकरावे आले, तरीही पैशाअभावी पुढचे शिक्षण सोडून नोकरी धरण्याची वेळ आली होती. सर दोराबजी टाटा न्यासाने त्यांना दरमहा ६० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. ती सहा वर्षे चालली. सहा वर्षांची एकूण रक्कम ४,३२० रुपये होते.